नव्याचा मान

“हललं का कायतरी?” गेनूअण्णांनी तिसऱ्यांदा विचारलं.

“अण्णा, आधी टेबलावरचा हात काढा. तुमच्या हातानं सगळंच हलतंय.”

त्यांनी हात काढून धोतराला पुसला. मी पुन्हा सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. खिडकीतून येणारं सकाळचं ऊन मी त्याच्या आरशावर घेतलं होतं. काचेवर अण्णांच्या घोड्याच्या, बादशाच्या, कानातून काढलेल्या रक्ताचा थेंब होता. तांबड्या पेशी निवांत पडून होत्या. मग एका कोपऱ्यात दोन-चार पेशी उगाचच धक्का लागल्यासारख्या हलल्या. मी काच केसभर सरकवली आणि तो दिसला. लांबट, पातळ, काचेसारखा आरपार जीव, अंगाला वळसे देत पेशींमधून वाट काढत होता. त्याच्यामागे दुसरा होता, आणि पलीकडे आणखी तीन.

“बघा तुम्हीच,” मी म्हणालो.

अण्णांनी एक डोळा हातानं झाकून दुसरा लावला. बराच वेळ ते तसेच वाकून राहिले.

“सापाची पिल्लं हायती व्हय ही?”

“साप परवडला. हा सर्रा आहे.”

हा शब्द त्यांनी बापाच्या तोंडून ऐकलेला असणार, कारण ते काही न विचारता मागच्या स्टुलावर बसले. सर्रा म्हणजे एका पेशीचा जंतू. पण तो रक्तात शिरला की घोडा आतून पोखरला जातो. ताप येतो, उतरतो, पुन्हा येतो. पोटाखाली पाणी उतरतं, मागचे पाय लटपटतात आणि भरल्या तोबऱ्यापुढे जनावर वाळत जातं. औषध मिळालं नाही तर दोन महिन्यांत खेळ खलास. हा जंतू हवेतून येत नाही की पाण्यातून. आजारी घोड्याचं रक्त निरोगी घोड्याच्या अंगात जावं लागतं. ते काम बहुधा डांस, म्हणजे रक्त पिणाऱ्या मोठ्या चावऱ्या माश्या, करतात.

मी तेव्हा कासारमाथ्याच्या जनावरांच्या दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक होतो. म्हणजे डॉक्टर नव्हतो, पण डोंगरावर दुसरं कुणी नसल्यामुळे सगळे मला डॉक्टर म्हणत आणि मीही कधी कुणाला दुरुस्त केलं नाही. गावाला मोटारीचा रस्ता नव्हता. पायथ्याच्या पळसवाडीला एस.टी. थांबायची, तिथून वर यायचं ते पायी नाहीतर घोड्यावर. बासष्ट घोडे, प्रत्येकाला नगरपालिकेचा पितळी बिल्ला, आणि त्या बिल्ल्यावर एकेक घर जगणारं. गेनूअण्णा सणसांचा बिल्ला पहिला. घोडेवाल्यांमध्ये त्यांचा शब्द शेवटचा.

“आजून तीन घोडी आशीच बसल्याती,” अण्णा म्हणाले. “दगडूचा, सोनावण्याचा आन् रहिमानचा. दिवाळी सा दिवसांवर आली. डाक्तर, तीस वर्सं म्या डोंगरावर घोडा पाळतोय. ह्ये आत्ताच कुठनं आलं?”

मी उत्तर द्यायच्या आतच त्यांनी ते स्वतः दिलं.

“त्या बाईची घोडी.”

बाई म्हणजे यमुना ढेबे. तिचा नवरा दोन वर्षांपूर्वी गेला, त्याच्या मागोमाग त्याचा घोडा गेला, आणि बिल्ला तिच्या नावावर आला. बाईमाणूस पर्यटकांचा घोडा धरून चालणार, हे निम्म्या घोडेवाल्यांना रुचलं नव्हतं. तरी ती खालच्या बाजारात जाऊन एकटीनं घोडी निवडून आली होती, चार दिवस तिला चालवत आणली होती. घोडीचं नाव पाखरी. दसऱ्याच्या आठ दिवस आधी ती वर आली, आणि तिच्यात काही खोट आहे असं तेव्हा कुणालाच वाटलं नाही. मलाही नाही. जरा रोडावली होती, पण चार दिवस चाललेली घोडी रोडावणारच.

तासाभरानं मी यमुनाबाईंच्या तबेल्यात होतो. तबेला कसला, धोबीघाटापलीकडे पत्र्याचं एक छप्पर. गावापासून एवढं लांब की वाटेत मला दोनदा वाटलं, धावतच जावं. मला मुळी सावकाश काही जमत नाही. शाळेत मास्तर म्हणायचे, खोपकरच्या बुडाखाली विंचू आहे.

पाखरीच्या कानाचं रक्त घेतलं. यमुनाबाई तिची मान धरून उभ्या होत्या.

“तिच्यातबी हाय का त्यो किडा?”

“असेल. ताप आहे तिला.”

“आन् तिच्यापास्नंच समद्यास्नी ग्येला म्हनं.”

“असं कुणी म्हटलं?”

“तुमच्या आदी पोचलं हिथं. अण्णांनी परवा बैठक लावलीया घोडेतळावर. बिल्ला काडून घ्येनार आन् घोडी खाली धाडनार.” त्या अगदी सरळ आवाजात बोलत होत्या. “बिल्ला ग्येला तर म्या काय करू, डाक्तर? मला दुसरं काय येत न्हाय.”

पाखरीच्या रक्तात जंतू सापडले. म्हणजे सर्रा तिनंच आणला होता, यात शंका उरली नाही. बाजारातल्या कुठल्या तरी घोड्याकडून तिला लागला असणार. मी टेबलाशी बसलो आणि जिल्ह्याच्या दवाखान्याकडे औषधाची मागणी लिहायला घेतली. मालकाचं नाव, बिल्ला क्रमांक, घोड्याचं वय. सणस, एक. दगडू जाधव, दोन. सोनावणे, तीन. रहिमान, चार. शेवटी यमुना ढेबे, बिल्ला एकेचाळीस.

एक, दोन, तीन, चार.

मी ते नंबर पुन्हा वाचले. हे चार घोडे गावाच्या चार टोकांना बांधलेले असायचे. डांस नेणार तर आधी धोबीघाटाशेजारच्या घोड्यांना नेतील. तिथले नऊच्या नऊ घोडे धडधाकट होते. डांसांना बिल्ल्यांचे नंबर वाचता येतात होय?

हे चार घोडे पाखरीच्या मागे ओळीनं एकदाच उभे राहिले होते. खंडेनवमीला, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, माझ्यासमोर.

त्या दिवशी डोंगरावर सगळ्या घोड्यांना धनुर्वाताची सुई टोचून घ्यायचा रिवाज होता. रांग बिल्ल्याच्या नंबरानं लागायची. फक्त एक अपवाद. त्या वर्षी जे जनावर डोंगरावर नवं आलं असेल ते सगळ्यात पुढे. पाणी आधी त्याला, हळदकुंकू आधी त्याला, सुईसुद्धा आधी त्याला. नव्याचा मान म्हणत त्याला. घोडेवाल्यांनी तोंडं वाकडी केली, पण मान मोडायची हिंमत कुणाची नव्हती. पाखरी पुढे उभी राहिली, यमुनाबाई नवं लुगडं नेसून तिच्याशेजारी.

सुया उकळून घ्यायच्या असतात. एका घोड्याला एक सुई, हे मला पाठ होतं. पण त्या दिवशी स्टोव्ह धड पेटेना. एक सुई आदल्या दिवशीची उकळलेली तयार होती, बाकीच्या पातेल्यात. पाणी जेमतेम कोमट झालेलं. घोडेतळावर पूजेची वेळ होत आली होती, अण्णा ओरडत होते, “डाक्तर, आटपा की, उन्हं कलाया लागली,” आणि उभं राहून पाण्याकडे बघत बसणं माझ्यानं होईना. मी त्या एका सुईनं सुरुवात केली. स्पिरिटचा बोळा फिरवला की झालं, म्हटलं. पाखरीला टोचली. तीच बादशाला. तीच पुढच्या तिघांना. तोवर पातेलं उकळलं, आणि पाचव्या बिल्ल्यापासून मी प्रत्येकाला नवी सुई वापरली.

रोग पाखरीनं आणला होता. चार घोड्यांच्या अंगात तो मी घातला होता.

मागणीचा कागद तसाच टेबलावर टाकून मी बाहेर आलो, पुन्हा आत गेलो, पुन्हा बाहेर आलो. दवाखान्याच्या अंगणाला किती फेऱ्या मारल्या कुणास ठाऊक. एकदा वाटलं, आत्ता जाऊन अण्णांना सांगावं. चार पावलं गेलोही. मग वाटलं, आधी औषध आणू. घोडे वाचले की सांगणं सोपं जाईल. भित्र्या माणसाला सबबी फार चांगल्या सुचतात, आणि या सबबीत तर तथ्यही होतं.

मी स्वतःच डोंगर उतरलो, एस.टी.नं जिल्ह्याला गेलो, मोठ्या डॉक्टरांपुढे उभा राहिलो. त्यांनी औषध दिलं, पंधरा दिवसांनी पुन्हा एकदा टोचायला सांगितलं, आणि विचारलं, “पसरला कसा?”

“डांस खूप आहेत यंदा, साहेब,” मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पाचही घोड्यांना औषध टोचलं. या वेळी पाच सुया वीस मिनिटं उकळून घेतल्या. घड्याळ लावून. बादशा इतका थकला होता की सुई शिरली तरी त्यानं कातडी थरथरवली नाही. दगडूची म्हातारी आई घोड्याच्या पायाशी बसून त्याचे सुजलेले पाय चोळत होती. तिनं मला हात जोडले. मला तिथून पळून जावंसं वाटलं.

शेवटी यमुनाबाईंकडे गेलो. त्यांनी माझ्या ट्रेमध्ये डोकावून पाहिलं. चार वापरलेल्या सुया एका बाजूला होत्या, पाचवी सुई स्वच्छ फडक्यात.

“आज पाच आनल्या व्हय,” त्या म्हणाल्या.

त्यांनी पाखरीच्या आयाळीतून बोटं फिरवली.

“यमुनाबाई, त्या दिवशी...”

“टोचा आदी. ती उबी ऱ्हायलीया तवर.”

मी टोचलं. टोचल्या जागी गाठ येईल, घाबरू नका, एवढं सांगून निघालो. वाटेत मला कळून चुकलं की त्यांनी त्या दिवशी सगळं पाहिलं होतं. माझ्या उजव्या हाताला हातभर अंतरावर तर उभ्या होत्या. मग बोलत का नाहीत? एका वाक्यानं त्या सुटल्या असत्या. हा प्रश्न रात्रभर माझ्या डोक्यात ठाण मांडून बसला, आणि सकाळ होता होता मी ठरवलं की बैठकीत आपणच सांगायचं. नोकरी गेली तर गेली. ठरवल्यावर जरा बरं वाटलं. चहासुद्धा बसून प्यायलो.

घोडेतळावर मारुतीच्या देवळापुढे सगळे जमले होते. घोडेवाले पायऱ्यांवर, अण्णा पारावर, यमुनाबाई बाजूला एकट्या उभ्या. मला बसायला खुर्ची दिली होती. पायऱ्यांवरच्या पंचवीस-तीस पुरुषांमध्ये खुर्ची एकच, आणि ती मला.

“बाय,” अण्णांनी सुरुवात केली, “तुजा नवरा चांगला व्हता. तुज्यावर आमचा राग न्हाय. पन तुजी घोडी आली आन् म्हयन्याच्या आत डोंगरावरली पयली चार घोडी बसली. पयली चार. सादंसुदं न्हवं ह्ये.”

“बाईनं म्होरं उबं ऱ्हायाचंच न्हवतं,” मागून कुणीतरी म्हणालं. “मानच चुकला.”

“घोडी खाली ने,” अण्णा म्हणाले. “बिल्ला हितं ठ्येव.”

मी उठलो.

“अण्णा, मला बोलायचंय. घोडी आजारी होती, हे खरं. पण तुमच्या घोड्यांना रोग तिनं दिला नाही. मी दिला. खंडेनवमीला पहिल्या पाच घोड्यांना मी एकच सुई वापरली. बाकीच्या उकळायच्या होत्या. तिचं रक्त त्या सुईवरून तुमच्या घोड्यांच्या अंगात गेलं.”

पायऱ्यांवरचे एकमेकांकडे बघू लागले. मग रहिमान हसला. वाईट नाही, कीव केल्यासारखा. अण्णांनीही मान हलवली.

“डाक्तर,” ते मायेनं म्हणाले, “तुमचं काळीज मऊ. परवापास्नं तुमी बाईच्या तबेल्यात दोन खेपा केल्या, समद्यांनी बगितलं. इधवा बाईची दया येती मानसाला. पन आसं सोताच्या अंगावर घ्यू नगासा. तुमी दोन दिवस उपाशी धावून औषद आनलंत. तुमी आमच्या घोड्यास्नी इख घालाल व्हय?”

“खरं सांगतोय अण्णा. यमुनाबाईंना विचारा. त्या शेजारीच होत्या.”

सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. अण्णांनी विचारलं, “बोल बाय. तू हुतीस पुडं. डाक्तरांनी एकच सुई वापरली का?”

माझा जीव भांड्यात पडला. आता ती ‘व्हय’ म्हणेल, गलका होईल, कुणी माझी गचांडी धरेल, आणि हे एकदाचं संपेल. मला खरंच संपायला हवं होतं.

यमुनाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग अण्णांकडे.

“न्हाय,” त्या म्हणाल्या. “परतेकाला नवी सुई हुती. म्या बगितलं.”

बोलायचं होतं. माझ्याकडे पुरावा होता. एक, दोन, तीन, चार. घोडे कुठे बांधलेले असतात, रांगेत कोण कुठे होता, आणि पाचव्या बिल्ल्यापासून सगळे धडधाकट का. एवढं सांगितलं असतं तर अण्णांना पटलं असतं. ते हुशार होते. वाक्य ओठांपर्यंत आलं होतं. सगळे माझ्याकडे बघत होते, आणि त्या सगळ्या नजरांमध्ये माझ्याविषयी आदर होता. चार दिवसांपूर्वी होता त्याहून जास्त.

मी खुर्चीवर बसलो.

आयुष्यात मी कधी कुठे पाच मिनिटं स्वस्थ बसलो नाही. त्या दिवशी बसलो, आणि बैठक संपेपर्यंत उठलो नाही. यमुनाबाईंनी कमरेचा बिल्ला सोडून पारावर ठेवला. त्या चालत गेल्या तेव्हा पायऱ्यांवरच्या माणसांनी पाय आवरून वाट दिली.

दिवाळी निभावली. बादशा उठला, रहिमानचा घोडा उठला, दगडूचा तर पाडव्याला गिऱ्हाईक घेऊन चालला. सोनावण्यांचा मेला. तरीसुद्धा घोडेवाल्यांनी मला नारळ आणि फेटा दिला. तीन वाचले ते माझ्यामुळे, असं अण्णा भाषणात म्हणाले. सोनावणे माझ्या पाया पडायला वाकल्यावर मी मागे सरलो, तर लोक म्हणाले, बघा किती साधा माणूस आहे.

औषध दिल्याला पंधरा दिवस झाले तसे वरचे तीन घोडे टोचून मी पळसवाडीला उतरलो. यमुनाबाई तिथे भावाच्या गोठ्यात राहत होत्या. पाखरी बरी दिसत होती. पोटाखालची सूज उतरली होती आणि ती कडबा ओढून ओढून खात होती. यमुनाबाईंनी तिला धरलं. मी औषध टोचलं. पेटी बंद करताना माझ्यानं राहवलं नाही.

“तुम्ही खोटं का बोललात?”

“का म्हंजी?” त्या पाखरीच्या गळ्यावरची टोचलेली जागा तळव्यानं चोळत होत्या. “व्हय म्हटलं आसतं तर तुमास्नी त्याच दिशी डोंगरावरनं हाकललं आसतं. मग ही दुसरी सुई कोन देनार हुतं? दुसरा डाक्तर यायला चार म्हयनं. तवर ही मेली आसती. बिल्ला काय, आज ग्येला, उद्या मिळंल. घोडी न्हाय मिळनार.”

मला इतकं हलकं वाटलं की मी हसलो. म्हणजे असं होतं तर. तिनं हिशेब केला होता आणि तो बरोबर होता. माझ्या गप्प बसण्यानं तिची घोडी वाचली होती. परतीच्या वाटेवर हेच स्वतःला सांगत जायचं, असं माझं ठरलंसुद्धा.

“बरं केलंत,” मी म्हणालो. “शेवटी घोडी वाचली.”

“व्हय. वाचली.”

त्यांनी खाली पडलेला कडबा गोळा केला, पाखरीपुढे सारला, हात झटकले. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या,

“पर म्या न्हाय म्हटलं तरी तुमी पुन्यांदा बोलाल, आसं मला वाटलं हुतं.”

मी पेटी उचलली, निघतो म्हणालो आणि एस.टी.च्या थांब्यावर जाऊन उभा राहिलो. मला वर दवाखान्यात जायचं होतं, आणि वर जाणारी पायवाट मागेच राहिली होती.